नाटक पडायचाही हक्क हवा

ढिगाऱ्यावर बसून गिटार वाजवणाऱ्या पोराचा किंवा फुटक्या भिंतीवर कबुतर रंगवणाऱ्या पोरीचा व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागला की आपल्याकडे एक ठरलेला वाद झडतो. एका बाजूचे लोक गहिवरून म्हणतात, बघा, तोफेला कुंचल्याने उत्तर दिलंय. दुसऱ्या बाजूचे कपाळाला आठ्या घालतात: रणगाड्यापुढे नाटक करून कुणाचं भलं झालंय? चार दिवस शेरेबाजी होते, मग पुढचा व्हिडिओ येतो. मला दोन्ही पक्ष सारखेच चुकलेले वाटतात, कारण दोघांच्या हातात तराजू एकच आहे. कलेने युद्धाचं काय केलं एवढंच दोघे मोजतात. एक म्हणतो खूप केलं, दुसरा म्हणतो काहीच नाही. कलाकृती कशी होती हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. माझं म्हणणं असं की संघर्षाच्या मुलखातला तरुण कलावंत सगळ्यात आधी झगडतो तो त्याला वाटून दिलेल्या पात्राशी. बळी हो, हुतात्मा हो, वीर हो, नाहीतर परदेशी पाहुण्यांसमोर उभं करायचं आशेचं प्रतीक हो, असं त्याला शत्रूही सांगत असतो आणि हितचिंतकही. त्याला त्याच्या कामावरून जोखणं, आणि ते फसलं असेल तर फसलं असं तोंडावर सांगणं, यापेक्षा मोठा मान आपण त्याला देऊ शकत नाही.

हे हवेत बोलण्यापेक्षा एका जागेबद्दल बोलू. इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी वेस्ट बँकच्या उत्तर टोकाला जेनिन शहराला चिकटून निर्वासितांची छावणी आहे. १९५३ साली वसलेली, क्षेत्रफळ अर्धा चौरस किलोमीटरसुद्धा नाही, आणि मूळची माणसं बहुतेक हैफा आणि कार्मेल डोंगराच्या परिसरातून १९४८ मध्ये, इस्रायल स्थापन झालं त्या लढाईत, उखडली गेलेली. पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावाच्या काळात, शाळा बंद असताना, आर्ना मेर-खामिस नावाची एक ज्यू बाई तिथे मुलांना गोळा करून चित्रं काढायला बसवू लागली. तरुणपणी ती स्वतः १९४८ च्या लढाईत पालमाख या ज्यू लढाऊ दलात होती; पुढे तिने पॅलेस्टिनी कम्युनिस्ट नेत्याशी लग्न केलं. १९९३ साली तिला 'पर्यायी नोबेल' म्हणून ओळखला जाणारा पुरस्कार मिळाला. ते पैसे तिने छावणीतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर मुलांचं थिएटर उभं करण्यात घातले. १९९५ मध्ये ती कर्करोगाने गेली. २००२ च्या एप्रिलमध्ये इस्रायली लष्कराने छावणीत घुसून लढाई केली, तेव्हा ते घर आणि थिएटर दोन्ही जमीनदोस्त झालं. २००६ मध्ये तिचा मुलगा जुलियानो याने साथीदारांसह पुन्हा सुरुवात केली आणि नाव ठेवलं फ्रीडम थिएटर. त्या साथीदारांपैकी एक होता झकारिया झुबेदी. लहानपणी आर्नाच्या नाटकांत काम करणारा, मधल्या काळात जेनिनमधल्या सशस्त्र गटाचा म्होरक्या झालेला. आर्नाचं थिएटर ज्या घरात होतं, ते त्याच्याच आईचं घर.

आता विरोधकांचा सगळ्यात जड मुद्दा घेऊ, कारण तो याच कहाणीत आहे. आर्नाच्या हाताखाली नाटकं करणाऱ्या त्या मुलांचं पुढे काय झालं? जुलियानो २००२ नंतर कॅमेरा घेऊन परत गेला तेव्हा त्यांतली बरीचशी मेलेली होती. कुणी छावणीच्या लढाईत मारला गेला, कुणी नंतर. एकाने तर २००१ च्या ऑक्टोबरमध्ये जोडीदारासह इस्रायलच्या हदेरा शहरात जाऊन बसथांब्यावर गोळीबार केला. चार बायका ठार झाल्या आणि हे दोघेही. सात-आठ वर्षांपूर्वी रंगमंचावर उड्या मारणारं पोर ते! मग नाटकाने काय साधलं? हा प्रश्न मी टाळणार नाही, आणि त्या चार बायकांच्या घरच्यांनी तो विचारला तर त्यांच्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही.

पण हाच प्रश्न आपल्यासारखे दूरवरचे लोक विचारतात तेव्हा त्याच्या पोटात काय दडलंय तेही पाहायला हवं. नाटक शिकलेलं पोर बंदूक उचलणार नाही, असा करार कुणी केला होता? तो देणगीदारांनी परस्पर केला होता. 'दगडाऐवजी कुंचला', 'बंदुकीऐवजी गिटार' ही घोषवाक्यं प्रकल्पाच्या कागदांवर फार शोभून दिसतात, पण त्यांत गृहीत असतं की बिघाड पोराच्या डोक्यात आहे, त्याच्या गल्लीत नाही. रात्री दार फोडून सैनिक आत येतात, शेजारचा भाऊ आरोपपत्राशिवाय आत जातो, आणि सकाळी आपण त्याला सांगायचं की रंग घे, मन शांत होईल. जुलियानोला या भाषेची चीड होती. आम्ही कुणाला बरं करायला बसलेलो नाही, असं तो बजावत असे. पुढची इंतिफादा सांस्कृतिक असली पाहिजे, कविता-नाटक-कॅमेऱ्याची असली पाहिजे, असंही म्हणत असे. या दुसऱ्या वाक्यात थोडी पोझ आहे, हे मान्य. नाटकवाला माणूस, टाळीचं वाक्य सोडवत नाही. पण पहिलं वाक्य त्याने कामातून खरं करून दाखवलं.

२००९ मध्ये या मंडळींनी जॉर्ज ऑर्वेलच्या 'अ‍ॅनिमल फार्म'चं रूपांतर बसवलं; त्या गोष्टीत प्राणी माणसाविरुद्ध बंड करतात आणि मग डुकरंच मालक होऊन बसतात. ज्यांच्या घरांवर बुलडोझर फिरलेत, ज्यांच्याकडून जगाला फक्त ताब्याविरुद्धची आरोळी ऐकायची आहे, त्या पोरांनी बोट कुणाकडे दाखवावं? स्वतःच्या नेत्यांकडे. क्रांतीच्या नावाने गादीवर बसून शत्रूशी व्यवहार जुळवणारी डुकरं कोण, हे छावणीतल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागलं नाही. त्या वर्षी थिएटरला आग लावण्याचा प्रयत्न झाला. मुलं-मुली एका रंगमंचावर येतात म्हणून आधीपासून कुरबुर होतीच. २०११ च्या सुरुवातीला 'अ‍ॅलिस'वरचं नाटक आलं आणि त्यातली अ‍ॅलिस मनाविरुद्धच्या साखरपुड्यातून पळते. त्याच वर्षी ४ एप्रिलला थिएटरजवळ, गाडीत मांडीवर तान्हं पोर असताना, तोंड झाकलेल्या माणसाने जुलियानोला गोळ्या घालून मारलं. मारेकरी आजवर सापडलेला नाही. पुढच्या काही महिन्यांत इस्रायली सैनिकांनी थिएटरवर छापे घातले आणि तिथल्या लोकांना पकडून नेलं ते वेगळंच. एकाच वर्षात दोन्हीकडून मार. 'रणगाड्यापुढे नाटक काय कामाचं' असं विचारणाऱ्यांनी सांगावं की बिनकामाच्या वस्तूची इतक्या जणांना इतकी धास्ती का?

हे एकट्या जेनिनचं नाही. सीरियातल्या कफ्रनबेल या छोट्या गावात २०११ पासून काही तरुण दर आठवड्याला फलक आणि व्यंगचित्रं रंगवून फोटो जगभर पाठवत. हुकूमशहा असदची टर, ओबामांची टर, इस्लामी कट्टरपंथीयांचीही टर. त्या टोळीचा मुख्य माणूस राएद फारेस असदच्या बॉम्बमधून वाचला आणि २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये बंडखोरांच्या ताब्यातल्या आपल्याच गावात मारेकऱ्यांच्या गोळ्यांनी गेला.

आणि आपल्या घरातलं उदाहरण? श्रीनगरच्या दहावीतल्या तीन मुलींनी 'प्रगाश' नावाचा रॉक बँड काढला. २०१२ च्या डिसेंबरमध्ये एका स्पर्धेत त्या पहिल्यांदा लोकांसमोर आल्या, बक्षीसही मिळालं. मग इंटरनेटवर शिवीगाळ, मग मुफ्तींचा फतवा, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये बँड बंद. उरलेला भारत त्यांच्या बाजूने तावातावाने बोलला. मुख्यमंत्र्यांनी पाठिंबा दिला, वाहिन्यांनी चर्चा लावल्या. त्या साऱ्या गदारोळात मुलींनी वाजवलं काय, ड्रम कसे होते, सूर लागला होता का, हे विचारणारा एक माणूस मला तरी दिसला नाही. एका गटाला त्या धर्मबुडव्या वाटल्या, दुसऱ्याला काश्मीरच्या उजळ भविष्याची जाहिरात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना फक्त वाजवायचं असू शकतं, ही शक्यता कुणाच्याच हिशेबात बसेना.

मराठी माणसाला हा प्रकार नवा वाटायला नको. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आलं, १९१० मध्ये इंग्रजांनी त्यावर बंदी घातली. लंडनच्या 'टाइम्स'साठी लिहिणाऱ्या व्हॅलेंटाइन चिरोलने त्याची फोड करून सांगितली: कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे भारत, कंकभट झालेला युधिष्ठिर म्हणजे मवाळ, बल्लव झालेला भीम म्हणजे जहाल. फोड बरोबरच होती. पण चिरोलने नाटक वाचलं ते पोलिसी अहवाल वाचावा तसं, आणि गंमत अशी की आपल्या पाठ्यपुस्तकांनीही पुढे तेच केलं, फक्त निंदेच्या जागी गौरव आला. सरकारी परीक्षक आणि भक्त, दोघांनाही कलाकृतीतून संदेश खुडून घ्यायचा असतो आणि बाकीचा पाला टाकून द्यायचा असतो. वास्तविक त्या नाटकाचा पीळ आहे तो सैरंध्री आणि तिच्या सबुरीवाल्या नवऱ्यातल्या झगड्यात. कीचक दुष्ट आहे, प्रश्न मिटला. पण घरातला धर्मराज गप्प का बसतो, हा सवाल प्रेक्षकाला घरी घेऊन जावा लागतो. जेनिनच्या पोरांनी डुकरांकडे बोट दाखवलं तेव्हा ती याच वाटेवर होती. परक्याच्या जुलमाविरुद्ध ओरडायला धैर्य लागतं. आपल्याच माणसांच्या गप्प बसण्यावर बोट ठेवायला धैर्याबरोबर कसबही लागतं, कारण तिथे प्रेक्षक आयता आपल्या बाजूला नसतो.

यावर एक आक्षेप असा येतो की तुम्ही काहीही म्हणा, कलेचा वापर शेवटी बळकट माणूसच करून घेतो. याला पुरावा भयंकर आहे. नाझींच्या तेरेझिन छावणीत कोंडलेल्या मुलांनी हान्स क्रासाची 'ब्रुंडिबार' ही संगीतिका १९४३-४४ मध्ये पंचावन्न वेळा सादर केली. २३ जून १९४४ रोजी रेडक्रॉसचे पाहुणे आले तेव्हा रंगरंगोटी केलेल्या छावणीत त्यांनाही ती दाखवली गेली. पाहुण्यांनी बरा अहवाल लिहिला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत गाणारी बहुतेक मुलं, संगीतकार, आणि मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांना आउशवित्झच्या मृत्युछावणीत धाडलं गेलं. यापुढे कलेच्या सामर्थ्यावर भाषण ठोकायला जीभ रेटत नाही. तरीही नीट पाहिलं तर इथे फसलं कोण? मुलं फसली नव्हती. गल्लीतल्या दांडगट बाजावाल्याला पोरं एकजुटीने हुसकावून लावतात अशी ती गोष्ट. तो बाजावाला कोण हे गाणाऱ्याला आणि खाली बसलेल्या कैद्याला पक्कं ठाऊक होतं. फसला तो बाहेरून आलेला प्रेक्षक. त्याला गोड मुलं दिसली, गोड गाणी दिसली आणि तो हलकं मन घेऊन परतला. खोटी वस्तू होती ती त्याची नजर. डिकर-ब्रांडाइस यांनी जाण्यापूर्वी दोन सुटकेसमध्ये मुलांची साडेचार हजारांच्या आसपास चित्रं लपवून ठेवली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांनी मुलांना छावणीच्या यातनाच काढायला बसवलं असतं तर आपल्याला आज जास्त 'प्रभावी' वाटलं असतं. त्या शिकवत होत्या रेषेची लय, रंगांचे विरोध, कागदाच्या चिकटकामातली रचना. बाउहाउस या जर्मनीतल्या नामांकित कलाशाळेत शिकलेली बाई, चित्रकलाच शिकवणार.

बॉस्नियाची राजधानी साराएव्हो, तिचं उदाहरण विरोधकही देतात, समर्थकही. सर्ब फौजांचा शहराला पडलेला वेढा १९९२ च्या एप्रिलपासून १९९६ च्या फेब्रुवारीपर्यंत चालला. १९९३ मध्ये सुसान सोंटॅग या अमेरिकी लेखिकेने तिथल्या नटांना घेऊन मेणबत्त्यांच्या उजेडात बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' हे नाटक केलं, त्यावर अमेरिकेत स्तुती आणि कुचेष्टा दोन्ही झाली. वेढा उठला तो नाटोची विमानं आल्यानंतर, बेकेटमुळे नाही; हे उघड आहे आणि कुणी वेगळा दावाही केलेला नाही. मला तिथल्या 'ट्रिओ' या तरुण चित्रकार-मंडळींची पोस्टकार्डं जास्त बोलकी वाटतात. कोका-कोलाच्या लाल-पांढऱ्या वळणदार अक्षरांत त्यांनी लिहिलं: 'साराएव्होचा आनंद घ्या'. वरवर पाहावं तर जाहिरात, आणि पाठवणारा बसलाय नेमबाजांच्या टप्प्यात, पाण्याच्या रांगेत उभं राहिल्यासही गोळी लागावी अशा शहरात. या विनोदात दयेची याचना नाही. उलट मदतीचे डबे आणि सहानुभूती पाठवून मोकळ्या झालेल्या युरोपला मारलेली सणसणीत टपली आहे. हे पोस्टकार्ड 'प्रतिकार' म्हणून मोठं झालं कारण आधी ते चित्रकामाच्या अंगाने पक्कं होतं: अक्षरवळण अचूक, रंग अचूक, एक शब्द जास्त नाही.

पैशाबद्दल बोललंच पाहिजे, कारण तिथे टीकाकार निम्म्याहून जास्त बरोबर आहेत. संघर्षाच्या मुलखातली कला ही आता अनुदानाची बाजारपेठ आहे. 'प्रतिकार', 'लवचिकता', 'तरुणाई', 'सक्षमीकरण' हे शब्द अर्जात पेरले की दार उघडतं; साध्या प्रेमकथेला किंवा विनोदी फार्सला ते उघडत नाही. त्यामुळे पोरं देणगीदाराला हवं तसं दुःख लिहायला शिकतात. वर अटीही येतात: युरोपीय संघाच्या करारांतल्या दहशतवादविरोधी कलमांवर सही करायला २०१९ नंतर कित्येक पॅलेस्टिनी संस्थांनी नकार दिला आणि पैशावर पाणी सोडलं. पण या टीकेतून निघतं काय? नाटक बंद करा, असं निघत नाही. निघतं ते एवढंच की प्रेमकथेलाही पैसे द्या. आपल्याकडच्या हौशी आणि प्रायोगिक नाटकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. स्पर्धेला कुठला विषय चालतो हे हेरून एकांकिका लिहिणारे आपल्या प्रत्येक कॉलेजात सापडतात, आणि ते कुठल्या छावणीत राहत नाहीत.

शेवटचा आक्षेप: हे सगळं एकाच बाजूचं प्रचारनाट्य नाही का? २०१५ मध्ये फ्रीडम थिएटरने २००२ मध्ये इस्रायली लष्कराने बेथलेहेमच्या चर्चला घातलेल्या वेढ्यावरचं नाटक इंग्लंडात नेलं. एकोणचाळीस दिवस चर्चमध्ये अडकलेले सशस्त्र पॅलेस्टिनी त्यात नायक होते. दहशतवाद्यांचं उदात्तीकरण म्हणून तिथे ओरड झाली. न्यूयॉर्कच्या एका नामांकित नाट्यगृहाने ठरत आलेला प्रयोग सोडून दिला, शेवटी २०१७ मध्ये तो तिथल्या विद्यापीठाच्या रंगमंचावर झाला. या नाटकातली माणसं फार झटपट थोर होतात, वेढ्याबाहेरचं जग त्यात पुठ्ठ्याचं आहे, अशी टीका कुणी केली तर मी ती बसून ऐकेन, खरीही असेल. मात्र ती टीका नाटक पाहून करायची असते. प्रयोगच होऊ न देणारा माणूस तिच्यातून सुटतो, आणि 'बिचाऱ्यांनी किती सोसलंय' म्हणून उभं राहून टाळ्या वाजवणाराही तसाच सुटतो.

यानंतर जे घडलं त्याने हे सगळं बोलणं अवघड करून ठेवलंय. ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि त्यानंतर गाझावर कोसळलेला संहार यांच्या सावलीत जेनिनची बातमी कोपऱ्यात गेली. २००३ मध्ये थॉमस किल्पर या जर्मन शिल्पकाराने छावणीतल्या पोरांना हाताशी धरून लढाईत चेचलेल्या गाड्यांच्या पत्र्यांतून पाचेक मीटर उंच घोडा उभा केला होता. त्यात एका जळालेल्या रुग्णवाहिकेचेही तुकडे होते. तो घोडा २०२३ च्या ऑक्टोबरअखेर इस्रायली लष्कर उचलून घेऊन गेलं. १३ डिसेंबरला सैनिक थिएटरमध्ये घुसले, कचेरीची मोडतोड केली, कलादिग्दर्शक अहमद तोबासी आणि व्यवस्थापक मुस्तफा शेटा यांना पकडून नेलं. तोबासी दुसऱ्या दिवशी सुटले. शेटांना आरोपपत्राविना सव्वा वर्ष डांबून ठेवलं. २०२५ च्या जानेवारीतल्या लष्करी मोहिमेने अख्खी छावणीच रिकामी केली आणि थिएटरला स्वतःच्या इमारतीचं दार बंद झालं. त्या घोड्याच्या सावलीत वाढलेला अला शहादा हा नट आता घोड्यावरच एकपात्री प्रयोग करत युरोपभर फिरतो. आणि तो प्रयोग विनोदी आहे. पहिलं प्रेम, फसलेली चुंबनं, आजोबा, नकला. काही सहृदय मंडळींना ते खटकतं: एवढं होऊनही हसतोस? म्हणजे याने रडलंच पाहिजे असं आपण ठरवून ठेवलंय.

याच थिएटरने २०१२ पासून 'फ्रीडम बस' काढून वेस्ट बँकच्या गावोगावी एक खेळ केला. लोकांमधला कुणी उठून आपल्यावर गुदरलेलं सांगतो, नट तिथल्या तिथे ते उभं करतात, आणि मग सांगणाऱ्याला विचारलं जातं: असंच झालं होतं का? तो 'नाही, माझी आई तेव्हा रडली नव्हती, शिव्या देत होती' असं म्हणू शकतो. २०१५ च्या अखेरीस ही मंडळी भारतात आली ती दिल्लीच्या जन नाट्य मंच या पथनाट्य करणाऱ्या गटाबरोबर एक नाटक रचायला, आणि ते घेऊन दोन्हीकडचे नट कितीतरी शहरांत रस्त्यावर उतरले. जन नाट्य मंच म्हणजे ज्यांच्या सफदर हाश्मीला १९८९ च्या १ जानेवारीला साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये प्रयोग चालू असताना मारहाण झाली, दुसऱ्या दिवशी तो गेला, आणि ४ जानेवारीला त्याची पत्नी मलयश्री हाश्मी यांनी त्याच जागी तो अर्धवट राहिलेला प्रयोग पुरा केला. अशा माणसांनी जेनिनच्या पोरांना पाहुणे म्हणून हारतुरे घातले आणि सोडून दिलं, असं झालं नाही. त्यांच्यासोबत तालमी केल्या. तालमीत कुणी कुणाची कीव करत नाही; एंट्री उशिरा झाली तर दिग्दर्शक ओरडतोच, पुन्हा घ्या म्हणतो, आणि पुन्हा घ्यावी लागते.